फेसाचा विटाळ

माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या घटकेला मी हजर नव्हतो. म्हणजे अंगानं तिथंच होतो, विस्तवात पडलो होतो, पण मला त्यातलं काही ठाऊक नाही. ते मी आईकडून ऐकलं, भावाकडून ऐकलं, बांधावर उभं राहून ज्या पंचवीस-तीस लोकांनी बघितलं त्यांच्याकडून ऐकलं, आणि बायकोनं तर ते मला भांडणाच्या ओघात इतक्यांदा सांगितलं आहे की आता मला ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. तरी नाही पाहिलं ते नाहीच. फेफऱ्याच्या माणसाचं असंच असतं. जगाला त्याचं जे दिसतं तेच नेमकं त्याला दिसत नाही.

घाटातून आगगाडीचा रस्ता फोडत होते त्या दिवसांत माझा जन्म झाला. पळसदरीच्या अलीकडे, डोंगराच्या पायाशी आमचं कुणब्यांचं गाव. वर सुरुंग उडाला की खाली घरातली मडकी थरथरत, आणि पोटुशी आई दचकत असे, म्हणून पोराला हे लागलं, असं बायका सांगायच्या. त्या वर्षी गावात आणखी चार पोरं जन्मली. त्यांच्या आयाही दचकल्याच असतील. पण ती चारही धडधाकट निघाली तेव्हा त्यांचा सुरुंगाशी संबंध नव्हता, आणि माझा होता.

पहिलं फेफरं शाळेत आलं. अकरा वर्षांचा होतो. शुद्धीवर आलो तेव्हा पडवीत मी एकटा होतो, सगळी पोरं पलीकडच्या चिंचेखाली उभी होती आणि मास्तर छडीच्या टोकानं माझी पाटी उंबऱ्याबाहेर ढकलत होते. माझी जीभ चावली गेली होती, अंगावर ओलं झालं होतं. मास्तर म्हणाले, घरी जा, आणि पाटी घेऊन जा, इथं ठेवू नको. चौथीतून माझी शाळा सुटली ती अशी. पुढचं लिहिणं-वाचणं मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर शिकलो. आज गावातले लोक माझ्याकडून अर्ज लिहून घेतात. कोरा कागद ओसरीच्या कडेला ठेवतात आणि चार हात लांब जाऊन बसतात. मी मुद्दाम बोट जिभेला लावून कागद उलटतो.

आमच्याकडे एक गोष्ट दगडावरची रेघ होती. रोग फेसातून लागतो. फेफरं आलेल्याच्या तोंडचा फेस ज्याच्या अंगावर उडाला त्याला आज ना उद्या फेफरं येणार, आणि त्याच्या घरातली सोयरीक तुटणार. म्हणून कोणी हात लावायचा नाही. पण फेफरं आलेल्या माणसाच्या हातात लोखंड दिलं की झटका थांबतो, हेही तितकंच पक्कं होतं. हात तर लावायचा नाही, लोखंड तर द्यायचं, मग लोकांनी आपली तोड काढली. ते लांबून फेकायचे. किल्ली, कडी, विळा, जे सापडेल ते. एकदा कुणी शहाण्यानं कुऱ्हाडीचं पातं फेकलं. माझ्या उजव्या पोटरीवर अजून खोक आहे. झटका आपोआप थांबायचाच, मग ते म्हणायचे, बघ, लोखंडानं थांबला.

बापानं वर्षभर वाट बघितली आणि मग भगत आणला. पहिल्या दिवशी मिरच्यांची धुरी. दुसऱ्या दिवशी निरगुडीच्या ओल्या फोकांनी पाठ. तिसऱ्या दिवशी त्यानं विळ्याचं टोक लाल होईपर्यंत चुलीत ठेवलं. बाप माझ्या पायांवर बसला, आई हातांवर. मी आईकडे बघत होतो आणि ती भिंतीकडे बघत होती. दोन्ही कानशिलांवर दोन डाग. चामडी जळल्याचा वास स्वतःच्या अंगाचा असला की तो नाकात शिरत नाही, डोक्यात शिरतो. दुसरा डाग देताना भगताचा हात तोंडाजवळ आला आणि मी त्याचा अंगठा असा धरला की दात हाडाला लागले. त्यानं बोंब ठोकली. थुंकी रक्तात गेली म्हणून तो थेट नदीवर पळाला, आणि पुन्हा आमच्या आळीत फिरकला नाही. त्याला फेफरं आलं नाही कधी. हे मी पुष्कळांना सांगून बघितलं. लोक म्हणायचे, तो भगत आहे, त्याचं वेगळं.

एवढ्यानं भागलं असतं तरी पुष्कळ होतं. पण लग्न झालं की फेफरं जातं, असं बापाच्या मनात कुणीतरी भरवून दिलं. माझी फेफरी बहुतकरून अवसेच्या मागंपुढं यायची. बापानं अवस टाळून मुहूर्त धरला, आणि खालापुराकडची, लोधिवलीची मुलगी केली, कारण तिकडे आमच्या गावची बातमी पोचत नव्हती. तिकडचे लोक बघायला आले तेव्हा सासऱ्यानं कानशिलांवरचे डाग कसले म्हणून विचारलं. बाप म्हणाला, लहानपणी आंब्यावरून पडला. एकदाच पडून दोन्ही बाजूंना सारखंच कसं लागलं, हे कुणी विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं. सतरा वर्षांचा होतो, मिसरूड फुटलं होतं, तोंड होतं. गप्प बसलो, कारण मला बायको हवी होती.

दोन वर्षांनी ती नांदायला आली. सोळा वर्षांची, बोलायला फटकळ, हसायला मोकळी. माझ्या अक्षरांची टिंगल करायची, म्हणायची, मुंग्या पाळल्यात का कागदावर. ते आठ महिने मी सुखात होतो, हे कबूल करतो. अवस आली की बाप मला डोंगराकडच्या शेतावर राखणीला धाडायचा, तिथल्या खोपीत मी दोन-तीन दिवस काढायचो. तिथं फेफरं यायचं आणि जायचं, साक्षीला कुणी नसायचं. परत यायचो तेव्हा चावलेल्या जिभेमुळे बोबडं बोलायचो. ती म्हणायची, राखणीला गेला की तुमची जीभ जड होती जनू, आणि हसायची.

मग पाणवठ्यावर हंड्याच्या रांगेवरून तिचं एका बाईशी जुंपलं, आणि त्या बाईनं सगळ्यांदेखत तिला फेफऱ्याची बायको म्हटलं. घरी आली ती हंडा रिकामाच घेऊन. मी गोठ्यात होतो. दाराशी उभी राहिली.

"खरं काय ते सांगा," ती म्हणाली. "खरं आसंल तरी मी ऐकून घीन. खोटं नका बोलू."

मी म्हणालो, लोक जळतात आपल्यावर. माझ्या कानशिलांवर डाग होते, पोटरीवर खोक होती, आणि मी तिच्या डोळ्यांत बघून हे म्हणालो. तिनं विश्वास ठेवला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळांना मारलं आहे, दोघांची हाडं मोडली आहेत, पण या एका वाक्याइतकी नीच गोष्ट मी दुसरी केलेली नाही.

शिमग्याला तिचा थोरला भाऊ तिला माहेरी न्यायला आला. पौर्णिमा होती, अवसेला अजून पंधरवडा होता, म्हणून बाप निर्धास्त होता. रोगाला पंचांग वाचता येत नाही. जेवायला बसलो होतो, मेहुण्याच्या पानाशेजारी माझं पान, आणि मी त्याच्या पानातच आडवा झालो. डोळे उघडले तेव्हा मेहुणा नव्हता. बहिणीला न घेताच पळाला होता, अंगरखा ओसरीवरच राहिला होता त्याचा. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत वळली, आपली लुगडी काढली आणि बोचकं बांधून माजघरात ठेवलं. त्या दिवसापासून ती आपल्या बापाची वाट बघायला लागली.

इथं राबाविषयी सांगायला हवं. आमच्याकडे भात पेरण्याआधी, उन्हाळ्यात, रोपासाठी राखलेली जमीन भाजतात. झाडांची टहाळं तोडून आणायची, शेण, पाचोळा, गवत असे थर द्यायचे, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. याला राब म्हणतात. जाळ फार वेळ दिसत नाही. वरून नुसती राख आणि धूर, आत मात्र घोटाभर विस्तव असतो. मला विस्तवाजवळ आणि पाण्याजवळ जायची बंदी होती. त्या दिवशी मी बांधावर लांब बसून होतो. बाप, भाऊ, आई, बायको आणि मदतीला आलेली शेजारची माणसं राब पेटवत होती. बायको कामात हात आखडत नव्हती, फक्त माझ्याकडे बघत नव्हती.

सासरा आला तो मेहुण्यासकट आठ माणसं आणि आठ काठ्या घेऊन. त्यानं राम राम घातला नाही. तो सरळ बापापुढं गेला आणि म्हणाला, "आंब्यावरनं पडला काय रं?" आणि बापाच्या डोक्यात काठी घातली. बाप गुडघ्यावर बसला. रक्त भुवईवरून दाढीत उतरताना मी पाहिलं. मग भाऊ धावला, त्याला दोघांनी पाडलं आणि पोटात लाथा घातल्या. आमची माणसं पाचोळा ओढायची दाताळी घेऊन धावली, तिकडून काठ्या आल्या. बायकोनं घरी धाव घेतली आणि बोचकं घेऊन परत आली. तिला जायचं होतं. हे मी इथं मुद्दाम स्पष्ट लिहितो, कारण गावानं पुढं हे पुसून टाकलं. तिला जायचं होतं आणि ती निघाली होती.

मी बांधावरून उठलो. मला थांबवायला कुणी मोकळं नव्हतं. हाताला लागलेलं दाताळं उचललं आणि मेहुण्याच्या खांद्यावर दांड्याकडून घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. शाळेतल्या छडीपासून भगताच्या विळ्यापर्यंत जे जे साठलं होतं ते मी त्या एका पोरावर काढलं, आणि त्याचा गुन्हा एवढाच की तो बहिणीला न्यायला आला होता. दुसऱ्यांदा दाताळं उगारलं. तिथून पुढचं मला ठाऊक नाही.

सांगतात की दाताळं हातातून गळून पडलं आणि मी राबात उताणा पडलो. मारामारी जागच्या जागी थांबली. काठ्या खाली आल्या. दोन्हीकडची माणसं, आत्ता एकमेकांच्या उरावर बसलेली, एकत्र मागं सरून बांधावर उभी राहिली, कारण माझ्या तोंडाला फेस होता. धोतर पेटलं. कुणीतरी विळा फेकला. भावानं लांब बांबू आणला आणि मला ढकलून बाहेर काढायला बघितलं, पण मी झटक्यांनी उडत होतो, बांबू माझ्या बरगड्यांवर आपटत होता आणि मी आणखी आत सरकत होतो. आई ओरडत होती. तिला दोन बायकांनी धरून ठेवलं होतं. फार जोरानं धरावं लागलं नाही, हे मला आईनंच मरताना सांगितलं.

बायकोनं बोचकं खाली टाकलं आणि ती राबात शिरली. माझा दंड धरला, तो निसटला, मग काखेत हात घालून ओढलं. वाटेत एकदा ती स्वतः पडली आणि दोन्ही तळवे विस्तवात गेले. बाहेर काढल्यावर तिनं त्याच हातांनी माझं धोतर विझवलं. तिच्या गळ्यावर, छातीवर माझा फेस पडला होता. सगळ्यांनी बघितला.

मग ती उठली, बोचकं कोपरांत धरलं, कारण बोटांत धरता येत नव्हतं, आणि बापाकडे चालू लागली. सासरा चार पावलं पुढं आला होता तो थांबला. म्हणाला, "तितंच ऱ्हा." तिला वाटलं, हात भाजलेत म्हणून म्हणतो. ती चालत राहिली. तेव्हा त्यानं काठी उगारली. आमच्या बापाच्या रक्तानं ओली झालेली काठी त्यानं पोटच्या लेकीवर उगारली.

"घरात धाकट्या दोन पोरी हायत गं," तो म्हणाला. "तुला न्हेलं तर त्यांना कोन करील?"

तो रडत होता असं भाऊ सांगतो. बायको सांगते, नव्हता रडत. ती माणसं मेहुण्याला उचलून चौक गावाच्या वाटेला लागली आणि ती त्यांच्यामागं ढेकळं फेकत गेली. भाजलेल्या हातांनी ढेकळं उचलून बापावर फेकत, थेट नाल्यापर्यंत. एक त्याच्या पाठीत बसलं. त्यानं मागं बघितलं नाही.

मी महिनाभर पालथा पडून होतो. डावा खांदा, पाठ, डाव्या कानाची पाळी गेली. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं आणि डाव्याची चारही आखडली, ती पुन्हा ना पुरती सरळ झाली, ना मुठीत वळली. मी पहिल्यांदा उठून बसलो त्या दिवशी ती समोर आली आणि त्या आखडलेल्या हातानं माझ्या तोंडात मारली. म्हणाली, "ही पानवठ्याच्या दिवसाची." आणि वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

गावानं मात्र तिला डोक्यावर घेतलं. पतीसाठी विस्तवात शिरली, असं कीर्तनात सांगायला लागले. आणि तीच माणसं पाणवठ्यावर तिचा हंडा शेवटी लावायला लावायची, तिनं पाय ठेवलेला दगड धुवायची. पूजा आणि विटाळ दोन्ही एका बाईच्या वाट्याला, आणि त्यात कुणालाच काही विसंगत वाटत नव्हतं. मीही मूर्ख. एकदा तिला म्हणालो की तू माझ्यासाठी एवढं केलंस. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला अजून आठवलं की मान खाली जाते.

"तुमच्यासाटी नाय," ती म्हणाली. "म्हशीचं पारडू आसतं तरी वढलं आसतं."

पुढं संसार झाला. प्रेमाचा म्हणवत नाही, पण झाला. ती चिडली की तिच्या हाताशी असेल ते फेकायची, तवा, पळी, पाट. मी एकदा उलटून तिला मारलं. कारणही धड आठवत नाही, तिनं माझ्या बापाचा खोटेपणा काढला होता बहुतेक. ती खाली पडली आणि हात टेकून उठायला लागली तर बोटं टेकता येईनात, कोपरावर रेटून उठली. ते बघितल्यावर मी बाहेर जाऊन गोठ्याच्या मेढीवर डोकं आपटून घेतलं. त्यानंतर हात उचलला नाही. दोन मुलगे झाले, दोघेही निरोगी. मला फेफरं आलं की ती मला कुशीवर वळवायची, दातांत पदराचा बोळा घालायची, तोंड पुसायची. दरवेळी. बारा वर्षांत किती फेस तिच्या अंगावर पडला असेल. तिला एकदाही काही झालं नाही. तरी लोक तिच्याकडे बघत वाटच पाहत होते.

बारा वर्षांनी कर्जतच्या बाजारात लोधिवलीकडचा एक बैलवाला भेटला. त्याच्याकडून कळलं की सासरा गेल्या साली वारला आणि सासू अंथरुणाला खिळली आहे, आता-मगाचं चाललंय. आम्हाला कुणी निरोप धाडला नव्हता. बायको त्याच पावली निघाली. मी पाठोपाठ. आईचं तोंड बघायचं, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढली तेव्हा आम्ही तिच्या माहेरच्या दारात होतो. ओसरीवर मेहुणा उभा राहिला. त्याचा एक खांदा खाली उतरलेला होता, माझ्या दाताळ्यानं. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही. बहिणीला म्हणाला, अंगणात बस. भावजय तांब्या घेऊन आली आणि तिनं वरून पाणी ओतलं, ओंजळीत घे म्हणाली. बायकोची ओंजळ होत नाही. पाणी सगळं मातीत गेलं. घरात लोक पुष्कळ होते, शेजारीपाजारी, पोरं. दारातून आतली बाज दिसत होती आणि बाजेवरचा एक वाळका हात.

बायको म्हणाली, मला कधी काही झालं नाही, बारा वर्षं झाली, माझ्या पोरांना काही नाही, यांना विचारा. मेहुणा म्हणाला, आत यायचं नाही. ती पायरी चढली. त्यानं दाराचा अडसर उचलून तिच्या छातीला टेकवला, हात न लावता, आणि ढकललं. ती पडली, उठली, पुन्हा चढली. त्यानं पुन्हा ढकललं, या खेपेला जोरात. माझ्या मुठी वळल्या होत्या. मी पुढं होणार एवढ्यात ती उंबऱ्यावर धाडकन कोसळली.

डोळे वर गेले. मान मागं ताणली. टाचा ओसरीवर तडतडायला लागल्या, दातखीळ बसली, आणि ओठांच्या कोपऱ्यातून फेस आला, त्यात रक्त. घशातून तो आवाज आला. तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता, कारण तो माझा आवाज आहे, पण मला त्याच्याबद्दल इतक्यांनी सांगितलं होतं की मी ओळखला.

घर फुटलं. भावजयीनं पोरं उचलली आणि मागच्या दारानं पळाली. शेजारीपाजारी एकमेकांना तुडवत तिच्यामागं. मेहुण्यानं अडसर टाकून ओसरीवरून उडी मारली. तो पळताना ओरडला, "लागलं, मी म्हनलं हुतं, लागलं." निमिषभरात अंगण रिकामं झालं. घरात हलता न येणारी एक म्हातारी राहिली, आणि उंबऱ्यावर माझी बायको.

मग तिच्या टाचा थांबल्या. ती कोपरांवर उठली, अर्धी रांगत आत गेली आणि पायानं दार लोटून घेतलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला.

फेफऱ्यातून कुणी असं उठत नाही. तासभर तर आपलं नाव आठवत नाही. मला हे कळायला मात्र वेळ लागला. तिची मूठसुद्धा वळली नव्हती, तिची बोटं वळतच नाहीत, ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं. बारा वर्षं तिनं माझं अंग फुटताना मांडीवर धरून बघितलं होतं, प्रत्येक झटका तिला पाठ होता, आणि तो तिनं त्यांच्या तोंडावर मारला होता. मला हसू आलं. जवळजवळ ओरडून हसलो. मेहुणा चार माणसं घेऊन परत आला तेव्हा मी पायरीवर अडसर घेऊन बसलो होतो. म्हणालो, जा आत, दार फोडा, फक्त आत सगळीकडे फेस सांडलाय. आणि मलाही आज बरं वाटत नाही. ती माणसं कुंपणापलीकडे जाऊन उभी राहिली. दुपार कलेपर्यंत एकही पाऊल आत आलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा शांत होता. कुणाकडे न बघता अंगणातून गेली. मी मागोमाग. सासू दोन दिवसांनी गेली, असं पुढं कळलं. ते घर त्यांनी तीनदा सारवून काढलं म्हणे, आणि बाज जाळली.

चौक गाव मागं पडेपर्यंत ती माझ्यापुढं चालत राहिली. मी मात्र बडबडत होतो. कशी पळाली माणसं, कशी जिरवलीस, मेहुण्याची उडी बघायला हवी होतीस. एका ओढ्याशी ती पाणी प्यायला बसली. वाकून, थेट तोंडानं. ओठ आतून चावलेला होता, तो तिनं पाण्यानं खळखळवला.

"आयनं तोंड पुसलं माजं," ती म्हणाली. "हात उचलत नव्हता, तरी पदर धरून पुसलं. म्हनाली, कवापास्नं गं येतंय तुला, आनि कोन असतं का गं जवळ."

मी विचारलं, मग तू काय सांगितलंस.

"काय सांगनार. तशीच पडून ऱ्हायली तिच्या कुशीत."

ती उठली, लुगडं झटकलं. मला वाटलं आता चालायला लागेल. पण ती माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"डोळा माजा उघडा हुता," ती म्हणाली. "तुमी उंबऱ्यापासनं दोन हातांवर हुता. तुमी बी मागं सरलात."

सरलो होतो. अंगणाच्या टोकापर्यंत सरलो होतो, तुळशीला पाठ लागेपर्यंत. फेस बघितला आणि पाय आपोआप मागं आले. ज्याच्या तोंडचा तो फेस उभं आयुष्य, त्याचेच पाय. मी म्हणालो, अगं, मला खरंच वाटलं.

"आयला बी खरंच वाटलं हुतं," ती म्हणाली.